माघारी सोडणारी गाडी

सगुणाबाई गेल्याची बातमी आली, त्या दिवशी पुंजारामाने दुपारपासून अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवलं होतं. ती त्याची बायको; सुईण होती. बाळंतपण उरकून आली की घरात पाऊल टाकायच्या आधी ती बाहेरच दगडावर आंघोळ करायची, लुगडं बदलायची आणि मगच उंबरा ओलांडायची. पाणी तापवून ठेवणं हे पुंजारामाचं काम. लग्न झाल्यापासून ते त्याच्याकडेच होतं.

पाणी उकळलं, आटलं. त्याने पुन्हा घागर ओतली. ऊन कलायला लागलं तरी ती आली नाही, तेव्हा त्याला शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, धर्मराज येताना दिसला. धर्मराज हा कुंभार पिंपळगावच्या बद्रीनारायण शेठचा गाडीवान. आदल्या दिवशी तोच दमणी, शेठची हलकी बैलगाडी, घेऊन सगुणाबाईला न्यायला आला होता. शेठच्या सुनेला, मंजूला, कळा सुरू झाल्या होत्या. तेव्हा त्याने वेशीपासूनच हाका मारत गाव उठवलं होतं. आज तो अंगणाच्या कडेला येऊन थांबला आणि पायातल्या वाहणा काढून उभा राहिला.

वाहणा काढल्या तेव्हाच पुंजारामाला कळलं.

बाकीचं त्याने तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. बाळंतपण नीट झालं होतं, शेठला नातू झाला होता. शेठानीने खण-नारळ, लुगडं आणि गठुडंभर गहू दिले. सगुणाबाई ते डोक्यावर घेऊन भर दुपारी निघाली. वैशाखाचं ऊन होतं. ओढ्याच्या काठी लिंबाखाली ती बसली आणि गव्हाचं गठुडं उशाला घेऊन कलंडली. एका शेळ्यावाल्याने तिला पाहिलं, त्याला वाटलं बाईचा डोळा लागलाय. शेळ्यांना पाणी पाजून तो माघारी आला तरी ती तशीच होती. कडबा घेऊन चाललेल्या एका गाडीवाल्याने कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारून तिला गाडीत घेतलं, आणि बातमी कळताच धर्मराज त्या गाडीबरोबर आला.

"गाडी वेशीत थांबवलीय," धर्मराज म्हणाला.

पुंजारामाने आधी चुलीतली लाकडं ओढून पाणी मारून विझवली. मग तो वेशीकडे गेला.

*

पोरगी आष्टीकडे दिलेली होती. ती आली, रडली, दिवसकार्य होईपर्यंत राहिली आणि बापाला बरोबर चल म्हणाली. पुंजाराम म्हणाला, बैलाला कोण बघेल? पोरीने जाताना भांडी घासून पालथी घातली, ती बरेच दिवस तशीच पालथी राहिली. एका माणसाला एक तवा आणि एक गाडगं पुरतं.

दिवस व्हायच्या आधीच इचरजबाई शेठानी स्वतः भेटायला आली होती. शेठच्या घरची बाई दमणीतून उतरून कुणब्याच्या ओसरीत बसली, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. ती मनापासून रडली. पोर पायाळू होतं, मंजूचा जीव जाऊन राह्यला होता, सगुणाबाई होती म्हणून दोघं वाचली, असं तिने सांगितलं. सगुणाबाई कामात असताना कशी बोलत होती, मंजूला दरडावत होती, मध्येच हसवत होती, तेही सांगितलं. पुंजाराम ऐकत होता. बायको आत काय करते हे त्याला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. गडीमाणूस त्या खोलीच्या आसपास उभा राहत नसे.

सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "वापस कशी निघाली ती?"

शेठानी पदर सारखा करून म्हणाली, "पायीच, भाऊ. सुईणीला माघारी गाडी कोण देतं? बैल पेरणीचे. तुमच्या गावात देतात का?"

"न्हाई," पुंजाराम म्हणाला.

ते खरंच होतं. त्या शिवारात रीतच तशी होती. सुईणीला न्यायला गाडी जुंपायची, तीही घाईने, बैलांना पळवत. माघारी मात्र तिने पायी यायचं. बाळंतपणाचा विटाळ घेऊन ती गाडीत बसली तर ते बैल त्या साली पेरणीच्या पाभरीला चालत नाहीत, पेरलेलं उगवत नाही, असं सगळे धरून चालत. तिला मिळालेला शिधाही दुसऱ्याने पोचवायचा नाही, तिनेच डोक्यावर वाहायचा. हे कोणी कोणाचं वाईट करायचं म्हणून केलेलं नव्हतं. सगुणाबाईलाही त्यात काही वावगं वाटत नसे. ती हसून म्हणायची, "नेताना मी राणी आन येताना मी गाढव." आणि पुंजारामही हसायचा.

निघताना शेठानी म्हणाली, काही लागलं तर निरोप धाडा. असं सगळेच म्हणून जातात, म्हणून पुंजारामाने नुसती मान हलवली.

*

लोक जेवायला बोलवत, पारावर कोणी ना कोणी बोलायला असे. पण सगुणाबाई असताना घरात एक बातमी येत असे, ती बंद झाली. बाळंतपण करून आली, न्हाली, भाकरीला बसली की ती पहिल्या घासाला सांगायची, अमक्याला पोरगी झाली, लई रडकी हाय. तमक्याला पोरगा झाला, बापावानी मोठ्या कानाचा. शिवारात नवीन जीव आला की त्या घरानंतर पुंजारामालाच आधी कळायचं. आता त्याला ते चार दिवसांनी, दुसऱ्याच्या तोंडून कळू लागलं, नाहीतर कळतच नव्हतं.

आणि लोक दारात येतच राहिले. लांबच्या वाड्यांना ती गेल्याचं ठाऊक नव्हतं. गाडी अंगणात येई, बैल फेसाळलेले असत, गाडीवरचा माणूस उतरायच्या आधीच ओरडे, "सगुणामावशी, चला." पुंजाराम बाहेर येई आणि सांगे. मग तो माणूस तोंडाकडे बघत राही. कोणी हळहळत, कोणी लगेच गाडी वळवत. एक जण रागावूनच म्हणाला, "मंग आता आमी काय करावं?" पुंजारामाला त्याचा राग आला नाही. तो प्रश्न बरोबर होता.

शिवारात दुसरी सुईण होती ती साळूबाई. ओढ्यापलीकडच्या वाडीत राहायची. सगुणाबाईच्या हाताखालीच ती शिकली होती, तिला आक्का म्हणायची आणि पुंजारामाला दाजी. पुंजाराम येणाऱ्यांना तिच्याकडे पाठवू लागला. पण गाड्या रिकाम्याच परतायला लागल्या. साळूबाई वाडीबाहेर जायला तयार नव्हती. एका घरची बाई सुईणीवाचून अडली आणि पोटातल्या पोरासकट गेली. ते कळल्यावर पुंजाराम स्वतः वाडीला गेला.

साळूबाई दारात लसूण सोलत बसली होती. तिने दाजीला पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच बोलली.

"मला आक्कासारखं मरायचं न्हाई, दाजी. आक्काला तुम्ही तरी व्हते वाट पाह्यला. माझ्यामागं कोण हाय? मी लिंबाखाली पडले तर कुत्र्यांनाच पयलं कळंल."

"ती बाई मेली, साळू."

"म्हाईत हाय. रात रात झोप न्हाई मला." तिने लसणाच्या पाकळ्या बाजूला सारल्या. "जो नेईल त्यानं माघारी आणून सोडावं. बास. पैसा नगं, लुगडं नगं. मला आणून सोडा, मंग मी कुठंबी येते."

पुंजाराम तिथून उठला तेव्हा त्याला एकच काम उरलं होतं. साळूबाईला माघारी सोडायला कोणीतरी गाडी दिली पाहिजे.

*

त्याने पारावर गोष्ट काढली. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मतदानही होऊन गेलं होतं आणि पारावर नव्या कायद्यांच्या गप्पा रोज चालत. पण ही गोष्ट निघाल्यावर लोक तंबाखू मळायला लागले. मग एक जण म्हणाला की सुईणीला आता कलेक्टरावानी गाडी पायजे काय, आणि हशा पिकला.

पाटील रामराव हसला नाही. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "पुंजाराम, तुझं दुख आमाला कळतं. पण पेरणी तोंडावर हाय. बैल कोण बाटवील?"

"मेलेली गाडीत चालली, पाटील," पुंजाराम म्हणाला. "जिती चालली न्हाई."

"त्या कडब्यावाल्यानं गाडी धुतली नंतर."

"मंग आपुणबी धुवू."

कबूल कोणी झालं नाही. एकेक जण उठून गेला आणि पुंजाराम पारावर एकटा राहिला.

त्याच्याकडे एकच बैल होता. दुसरा मच्छिंद्राचा. मच्छिंद्र त्याच्या शेजारचा, वयाने लहान, त्याला तात्या म्हणणारा. दोघांची सावड होती. दोन बैल मिळून एक जोडी, गाडी एकच, पुंजारामाची, आधी एकाचं वावर पेरायचं मग दुसऱ्याचं. मच्छिंद्राची बायको उषाबाई दिवसांत होती. जेठ संपत आला तेव्हा तिला कळा सुरू झाल्या, आणि मच्छिंद्र सकाळीच धावत पुंजारामाकडे आला. दोघांनी गाडी जुंपली आणि वाडी गाठली.

साळूबाई बाहेर आली. तिने पुंजारामाकडे पाहिलंच नाही, मच्छिंद्राला विचारलं, "माघारी आणून सोडशील?"

मच्छिंद्र आपल्या बैलाकडे बघत राहिला. आभाळात ढग जमायला लागले होते, आठ-दहा दिवसांत पाभर धरायची होती.

"मी सोडीन," पुंजाराम म्हणाला.

साळूबाई गाडीत बसली.

दुपारी पोरगी झाली. आई-लेक दोघी ठीक होत्या. साळूबाई गठुडं घेऊन अंगणात आली तेव्हा पुंजाराम गाडीपाशीच होता. त्याने आपला बैल जुवाखाली घेतला. दुसऱ्या बैलाचा कासरा मच्छिंद्राच्या हातात होता आणि तो काही सोडत नव्हता. आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

"तात्या, असं करू नका," मच्छिंद्र हळू आवाजात म्हणाला. "माझं वर्षाचं पोट हाय त्या वावरावर. आता खाणारं एक तोंड वाढलं."

"तिनंच आणलं ना ते तोंड."

"म्या कुठं न्हाई म्हणलं? लुगडं दिलं, जवारी दिली."

पुंजाराम जू धरून उभा राहिला. एकाच बैलावर जू दुसऱ्या बाजूला कलतं, त्याचा खांदा भरून आला, पण त्याने ते खाली ठेवलं नाही. बराच वेळ तसाच गेला. शेवटी मच्छिंद्राने बैल आणून जुवाखाली लावला आणि जुवाची खुंटी, शिवळ, घातली.

"न्या," तो म्हणाला. "पण उद्यापासून आपली सावड मोडली."

साळूबाईने तोंडावर पदर ओढला आणि गाडीत चढली. गाव बघत होतं. वेस मागे पडली तरी ती गाडीत ताठ बसलेली होती आणि जवारीचं गठुडं तिच्या डोक्यावरच होतं. पुंजारामाने मागे वळून पाहिलं.

"गठुडं खाली ठेव की साळू."

तिने ते मांडीवर घेतलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मला बसवंना झालंय, दाजी. पाय खाली सोडून चालावं वाटतंय."

"बस गप."

ओढ्यावर आल्यावर लिंबाच्या झाडाकडे दोघांनीही पाहिलं नाही. वाडीत तिला उतरवून पुंजाराम परत निघाला तेव्हा पावसाचे मोठाले थेंब पडायला लागले होते.

*

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र आपला बैल घेऊन गेला. गावात दुसरं कोणी पुंजारामाशी सावड करेना. त्याचा बैल बाटला होता. सगळ्यांच्या पाभरी चालू झाल्या. मच्छिंद्राने सासरवाडीहून दुसरा बैल आणून आपल्या बैलाशी जोडला; आपला बैल मात्र आधी त्याने गोमूत्र शिंपडून, देवळाला फेरी घालून आणला होता. पुंजारामाचं वावर काळंभोर, तयार होऊन पडलं होतं. पेरणीजोगी ओल, वापसा, निघून चालला होता. तो दिवसभर धुऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या पाभरी बघायचा. सगुणाबाई असती तर बी सोडायला तिने पाभरीच्या चाड्यावर मूठ धरली असती, हेही मनात यायचं. पण मूठ धरायला जोडी लागते, आणि जोडी नव्हती.

तेव्हा तो उठून कुंभार पिंपळगावला गेला.

शेठच्या दुकानासमोर जोंधळ्याची पोती उतरत होती. तो मागच्या दाराने गेला आणि इचरजबाईला निरोप पाठवला. ती आली. पुंजारामाने लांबण लावली नाही. तुम्ही म्हणाला होता काही लागलं तर सांगा, मला पेरणीपुरती बैलजोडी लागते, आणि का लागते तेही सांगतो, असं म्हणून त्याने सगळं सांगितलं.

शेठ आतून ऐकत होता. त्याची कमाई दुकानातली, पण वावरही बरंच होतं आणि बैलांच्या बाबतीत तो कोणाही कुणब्याइतकाच धास्तावलेला असे. तो बाहेर येऊन म्हणाला, "अरे बाबा, त्या बाटलेल्या बैलाच्या वावरात आमचे बैल घालायचे? उद्या आमचं उगवलं नाही तर?"

इचरजबाई पाळण्यापाशी उभी होती. पाळण्यात नातू होता. ती नवऱ्याशी मोठ्याने बोललेली त्या घरात कोणी ऐकली नसेल. आताही ती मोठ्याने बोलली नाही.

"तिला मी पायी धाडली," ती म्हणाली. "गव्हाचं गठुडं माझ्या हातानं तिच्या डोक्यावर दिलं. जोडी जाऊ द्या."

शेठने पाळण्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने धर्मराजाला हाक मारली.

धर्मराज जोडी घेऊन आला आणि वावर पेरून होईपर्यंत थांबला. पाभरीमागे मूठ त्यानेच धरली. तो बडबड्या माणूस, पण त्या कामात फारसं बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मावशी माझ्याच दमणीत बसून गेल्ती, तात्या. माघारीबी म्याच आणून सोडली असती तर?" पुंजारामाने त्याला भाकरी बांधून दिली.

पीक आलं. फार चांगलं नाही, वाईटही नाही, शेजारच्या वावरांत आलं तसंच. शेठचंही आलं. बाटलेलं उगवत नाही म्हणणाऱ्यांनी ते पाहिलं आणि ते दुसरं काही बोलू लागले.

सुगी झाल्यावर पुंजारामाने सुताराकडून जुन्या गाडीची एका बैलाची छकडी करून घेतली. सावड तर मोडलीच होती. साळूबाई आता बोलावलं की जाऊ लागली, कारण ती जिथे जाई तिथे मागून पुंजाराम छकडी घेऊन पोचे. नेणाऱ्याची गाडी तिला घेऊन जाई. पुंजाराम त्या घरापासून जरा लांब, झाडाखाली बैल सोडून बसे. कधी दिवस जाई. घरातून किंकाळ्या ऐकू येत, मग एकदम शांत होई, मग पोराचा आवाज येई. तो उठून बैल जोडे. आतल्या बायका डोकावून बघत आणि म्हणत, "म्हातारा आलाय ना? मंग बरं झालं." त्याला कोणी चहा पाठवी, कोणी पाठवीत नसे. पेरणीच्या दिवसांत तर त्याला अंगणातही येऊ देत नसत.

परतताना साळूबाई काय झालं ते सांगायची. ती सगुणाबाईसारखी सांगत नसे. तिला कानांचं, रडण्याचं लक्षात राहत नसे. पोरगा, पोरगी, एवढंच. पुंजाराम विचारायचा, दिसायला कसंय? ती म्हणायची, असतं तसंच की, दाजी. मग दोघं गप्प बसून वाट संपवत.

एका साली जालन्याहून सरकारी नर्सबाई आली. तिने शिवारातल्या सुइणींना शाळेत बोलावून साबण, कात्री आणि स्वच्छ फडकी दिली. कात्री कशी उकळायची, नाळ कशी बांधायची हे तिने नीट दाखवलं. साळूबाईने ते ध्यान देऊन पाहिलं आणि त्यातलं बरंचसं घेतलंही. शेवटी बाईंनी विचारलं, आणखी काही अडचण? साळूबाई म्हणाली, "माघारी आणून सोडायला कोणी नसतं, बाई. ह्ये आमचे दाजी आणतात." बाईंनी दारात बसलेल्या पुंजारामाकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "ते सरकारच्या हातात नाही हो, गावाच्या हातात आहे." रामराव पाटील तिथेच होता. तो म्हणाला, पुंजाराम हाय की, आमची चिंता मिटली.

पुंजारामाच्या तेव्हा ध्यानात आलं. तो छकडी घेऊन जातो म्हणून बाकीच्यांना जावं लागत नाही. त्याने जाणं थांबवलं तर साळूबाई थांबेल, आणि कुठल्या तरी घरची बाई मरेल. म्हणून तो जातच राहिला.

मच्छिंद्राच्या बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तो संध्याकाळी पुंजारामाकडे आला. सावड मोडल्यापासून पहिल्यांदाच तो ओसरीत बसला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तात्या, औंदाबी तुम्हीच सोडाल ना साळूबाईला?"

"तू सोड की या खेपेला."

मच्छिंद्र हसला, मान खाली घालून. "बघू," म्हणाला, आणि उठून गेला.

पुंजारामाचे गुडघे आता छकडीवर चढताना धरतात. बैलही म्हातारा झाला आहे. साळूबाईच्या हाताखाली एक तरुण बाई शिकते आहे, तिलाही आणून सोडावं लागेल. शिवारातल्या एकाही घराने अजून सुईणीला माघारी सोडायला आपली गाडी जुंपलेली नाही.